बुधूच्या गाडीचा खोकला

मुरबाडच्या बाजारात आजही कोणी जुना माणूस भेटला आणि बुधूचं नाव निघालं, की तो हसतो. "लोकांच्या गाड्या सुधारायचा आणि स्वतःची मात्र खोकत फिरवायचा," असं म्हणतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. दोनदा तर मी चहा अर्धा टाकून उठलो आहे. बुधूची गाडी का खोकायची हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी उगाच तोंड वाजवू नये, एवढंच माझं म्हणणं. बरीच वर्षं गप्प राहिलो. आता सांगून टाकतो.

मी काळूराम. देवीडॉक्टर. यातलं डॉक्टर हे लोकांनी चिकटवलेलं. मी सातवी पास, देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. गाव शहापूर, नेमणूक मुरबाडला. बासष्ट सालापासून मी ही रानं तुडवली. खांद्याला बर्फाचा थर्मास, त्यात लस, आणि खिशातल्या डबीत फिरकी. फिरकी म्हणजे बारीक दात्यांची चकती. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि वरून ती दाबून फिरवायची. दुखायचं. पोरं किंचाळायची, बाया माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मी चढ चढून वाडीत पोचेपर्यंत वाडी रिकामी झालेली असायची. चुलीवर भात रटरटतोय आणि माणूस एक नाही. अशा वेळी मी एकटाच उभा राहून झाडांना शिव्या घालायचो.

बुधू मला भेटला तो मुरबाडच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीचं इंजिन तो सांभाळायचा आणि गिरणीच्या मागं पत्र्याच्या पडवीत एकटा राहायचा. मूळचा शेणव्याच्या पलीकडच्या, डोंगराला टेकलेल्या बोरीच्या वाडीचा. त्या वाडीला जमीन नाही. दिवाळी झाली की सगळी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर निघायची ती वैशाखात परतायची. बुधूचा बाप मध काढायचा. पोळ्याखाली उभा राहून नुसता माश्यांचा आवाज ऐकायचा आणि सांगायचा, आज चढायचं की घरी जायचं. तो कान बुधूकडे आला होता. गिरणीबाहेर विडी ओढत बसलेला असला तरी सांगायचा, "इंजिनाला पाणी कमी झालं." उठून बघावं तर खरंच कमी झालेलं असायचं.

पहिल्याच भेटीत त्यानं माझा थर्मास पाहिला आणि विचारलं, "देवीवाले ना तुमी? पायी कशाला जाता? मागं बसा."

मागं म्हणजे त्याच्या फटफटीवर. ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसू आवरेना. कोळशाच्या कुठल्याशा ठेकेदाराची दोन स्ट्रोकची मोटारसायकल, नदीत पडून निकामी झालेली, वर्षभर चिंचेखाली गंजत होती. ती बुधूनं उचलून आणली. चिखल अडकतो म्हणून दोन्ही मडगार्ड कापून टाकली. नदीच्या उतारात पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर उचलून सीटच्या उंचीला वळवला. मागचं दातेरी चाक मोठं बसवलं, म्हणजे धाव कमी पण चढाला ओढ जास्त. आणि मागच्या टायरला कोयत्यानं खाचा पाडल्या. दिसायला दळभद्री, पण बैल थबकेल अशा चढावर ती गाडी चढायची.

फक्त खोकायची. फट फट खॅक. फट फट खॅक. मागं काळा धूर. त्यात सायलेन्सर वर घेतलेला, म्हणजे तो सगळा धूर मागं बसणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या तोंडावर. मी रोज कुरकुरायचो. एकदा शांतपणे त्यानं मला समजावलं. कार्बोरेटरमध्ये एक सुई असते. मूठ पिळली की सुई वर उठते, खालच्या जेटचं, म्हणजे पितळी तोटीचं, भोक मोकळं होतं आणि पेट्रोल वर चढतं. घासून घासून सुई बारीक झालेली आणि जेटचं भोक लांबट झालेलं. जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल जातं, ते धड जळत नाही, म्हणून खोकला.

"मग बदल की."

"मिळाय पायजे ना, भाऊ. मुंबईला मिळतं म्हणतात."

मला मागं बसवण्यासाठी तो काही घेत नसे. पेट्रोल मी भरायचो, बस. का करतोस म्हणून मी दोन वर्षांनी विचारलं. तेव्हा त्यानं हौसाचं सांगितलं. हौसा त्याची बायको. सत्तावन्न साली वाडीत देवीची साथ आली. त्याच्या आधी महिनाभर कोणी टोचणारा येऊन गेला होता आणि साऱ्या वाडीबरोबर हौसाही तान्ह्याला घेऊन रानात लपली होती. बुधू तेव्हा गिरणीवर. साथीत हौसा गेली, पाठोपाठ तान्हं. "मी तिथं असतो तर तिला हाताला धरून आणली असती," एवढंच तो बोलला. त्यानंतर त्यानं लग्न केलं नाही. हॉटेलात त्याचा कप वेगळा, बाहेर खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. तो त्यात चहा घ्यायचा, कप धुऊन परत पालथा घालायचा आणि कोणाशी न बोलता निघायचा. त्याच्या पडवीत माझ्याशिवाय दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

आमच्या या रानात एक रीत आहे. वाडीत शिरण्याआधी खालच्या चढावर थांबायचं आणि तोंडाशी हात धरून कुकारा द्यायचा. लांब, चढता आवाज. वाडीतून कोणी उलटा कुकारा दिला की वर जायचं. न सांगता येतो तो वैरी, असा हिशेब. बुधूही आधी द्यायचा. पण त्याच्या गाडीचा खोकला दोन टेकड्या अलीकडून ऐकू यायचा. पोरं ओरडायची, "बुधूमामा आला." मग त्यानं कुकारा सोडला. गाडीच त्याचा कुकारा झाली. आणि बुधूमामाच्या मागं बसलेला देवीवाला म्हणून माझ्यापासूनही लोक पळेनासे झाले. तीन वर्षांत मी त्या पट्ट्यात जेवढं टोचलं तेवढं आधीच्या कोणी टोचलं नसेल. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. बुधूचं नाव काढलं नाही. हेही आता सांगून टाकतो.

एक घर मात्र हाती लागत नव्हतं, आणि ते नेमकं बुधूच्या सख्ख्या बहिणीचं. ठकू तिचं नाव. तिचं पहिलं पोर टोचल्यानंतर तापानं गेलं होतं. ताप टोचण्याचा की दुसरा कसला, देव जाणे. ठकूनं तो टोचण्याच्या नावावर लिहिला. मग तानी झाली. मी वाडीत गेलो की ठकू तानीला कणगीमागं दडवायची. बुधू समजवायचा, चिडायचा, रडकुंडीला यायचा. ठकू ढिम्म. परतताना गाडीवर त्याच्या पाठीकडे बघून माझ्या जिवाला घोर लागायचा. हौसाचं तान्हं गेलं, आता रक्ताचं एवढं एकच पोर उरलं होतं.

पासष्ट सालच्या दसऱ्याला ठकू आपणहून भावाला म्हणाली, "भाऊबीजेला ये. ओवाळते तुला. मग तिला टोचून घे. पण तू पुढं पायजे, तुझ्या मांडीवर बसूनच."

तानी चार वर्षांची होती. भाऊबीज झाली की दोन दिवसांत वाडी भट्टीवर निघणार. म्हणजे टोचायला तो एकच दिवस.

बुधू हवेत होता. इतका बोलताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. मलाही वाटलं, या माणसाला काहीतरी द्यावं. कामासाठी मुंबईला गेलो होतो, तिथं चार दुकानं पालथी घालून मी त्याच्या गाडीची सुई आणि जेट आणलं. दिवाळीची भेट. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावरचा धूर जावा हाही हेतू होताच.

कागदाची पुडी त्यानं उघडली आणि सुई बोटांत धरून उन्हाकडे केली. "सरळ हाय," म्हणाला. मला वाटतं, आयुष्यात त्याला कोणी विकत आणून दिलेली ती पहिली वस्तू असावी.

पाडव्याला गिरणी बंद. सकाळपासून त्यानं काम मांडलं. गोणपाट अंथरलं, कार्बोरेटर उतरवला, एकेक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन ओळीनं मांडला. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलंय का म्हणून. जुना जेट काढून माझ्या डोळ्याला लावला. भोक खरंच लांबट झालं होतं. नवीन बसवला. सुईच्या डोक्याकडे पाच खाचा होत्या. क्लिप वरच्या खाचेत घातली तर सुई खाली बसते, पेट्रोल कमी जातं. खालच्या खाचेत घातली तर जास्त. त्यानं मधली खाच धरली आणि गाडी सुरू केली. गावाबाहेर एक फेरी मारली, इंजिन बंद केलं, प्लग काढला. काळा. क्लिप एक खाच वर. पुन्हा फेरी, पुन्हा प्लग.

"कसा पायजे प्लग?" मी विचारलं.

"भाजलेल्या चिंचोक्याच्या रंगाचा. काळा म्हंजे जास्त पितेय. पांढरा म्हंजे उपाशी, मग पिस्टन जाळून घेते."

दुपारी प्लग चिंचोक्याच्या रंगाचा निघाला. मग राहिला हवेचा स्क्रू. गाडी उभी चालू ठेवून तो डोळे मिटून उकिडवा बसला. स्क्रू आत फिरवत नेला, इंजिन गुदमरायला लागलं. मग पाव वेढा बाहेर, आणखी पाव वेढा. प्रत्येक पाव वेढ्यानंतर थांबायचा, ऐकायचा. माझा हात धरून त्यानं स्क्रूड्रायव्हरवर ठेवला. "तुमी फिरवा. आवाज चढंल, मग पडाय लागंल. पडाय लागला की पाव मागं." मी फिरवला. आवाज चढत गेला, एका जागी मोकळा झाला आणि तिथून पुढं सैल पडायला लागला. मी पाव मागं घेतला. बुधूनं डोळे उघडले.

खोकला गेला होता. गाडी एकसारखी, स्वच्छ चालत होती, धूर नावाला. आम्ही दोघं ऐकत बसलो. बुधू हसत होता. त्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे मला तीन वर्षांत त्या दिवशी कळलं.

आता मुकादमाचं सांगायला हवं, कारण ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बुधूलाही नव्हतं. कोळशाच्या एका ठेकेदाराचा मुकादम त्या वर्षी नव्या कोऱ्या मोटारसायकलवर वाड्यांतून फिरत होता. वाडीत घुसायचा आणि माणसांचे कोयते उचलून न्यायचा. कोयत्याशिवाय आमच्या रानातला माणूस लुळा. कोयता हवा असेल तर यायचं त्याच्या भट्टीवर. पलीकडच्या दोन वाड्या त्यानं अशाच ओढून नेल्या होत्या. बोरीच्या वाडीनं ठरवलं होतं, नव्या गाडीचा आवाज आला की कोयते घेऊन घळीत उतरायचं.

भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. बुधूनं धुतलेला सदरा घातला होता, तानीसाठी पेपरमिंटच्या गोळ्या आणि ठकूसाठी चोळीचं कापड घेतलं होतं. गाडी अशी चालत होती की बुधू वाटभर मान जराशी कलती करून तिलाच ऐकत होता. नदीचा उतार एका दमात पार केला. शेणवा मागं पडला. वाडीखालचा चढ आला. तिथं थांबून कुकारा द्यायचा असतो. बुधू थांबला नाही. कित्येक वर्षांत थांबला नव्हता. मीही काही बोललो नाही.

वर पोचलो तर वाडी रिकामी. ठकूच्या दारात पाट मांडलेला, ताटात कुंकू आणि तांदूळ, निरांजनाची वात विझलेली. ती वात अजून धुरत होती.

बुधूनं हाका मारल्या. कुकारा दिला, एकदा, दोनदा, दहा वेळा. घळीतल्या ओढ्याला दिवाळीतही पाणी असतं, खाली उतरलेल्याला वरचं काही ऐकू येत नाही. तो घळीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. खाली रान दाट, वाटा चार.

"येतील," तो म्हणाला. "सांज झाली की येतील. बसू."

आणि इथं माझं पाप. मी म्हणालो, बर्फ वितळतोय, लस खराब होईल. ते खोटं नव्हतं, पण ते कारणही नव्हतं. शहापूरला माझी बहीण भागीरथी ताट करून बसली होती. मला सांजेआधी तिथं पोचायचं होतं. दोन तास मी कसेबसे काढले, मग माझं डोकं फिरलं. "तुझी बहीण पळून जाते, त्याला मी काय करू? मला माझी बहीण आहे," असं मी बोललो. त्याच्या रिकाम्या वाडीत उभा राहून बोललो. बुधूनं माझ्याकडे पाहिलं, पेपरमिंटची पुडी त्या पाटावर ठेवली आणि गाडीला लाथ मारली. पहिल्या लाथेत सुरू झाली.

शहापूरला मला ओवाळलं. मी जेवलो. बुधू दारात टेकला नाही. टाकीत पेट्रोल उरलं नव्हतं आणि सणाचं मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा वाडी उठून गेलेली होती. मुकादम पुन्हा येणार या धास्तीनं माणसं त्याच संध्याकाळी डोंगर ओलांडून भलतीकडच्या भट्ट्यांवर पांगली होती. पाटावर पुडी नव्हती.

तो हिवाळा आम्ही भट्ट्या धुंडाळल्या. प्रत्येक रविवारी. बुधू प्रत्येक चढाखाली गाडी बंद करायचा आणि कुकारा द्यायचा. धुरानं काळवंडलेली माणसं बाहेर यायची, आमच्याकडे बघायची. ठकू त्यांच्यात नसायची. मी माफी मागायला हवी होती. मी थर्मास सांभाळत बसलो.

वैशाखात वाडी परत आली. ठकू तानीला कडेवर घेऊन आली. पाच वर्षांचं पोर कडेवर. तोंडभर देवीचे व्रण आणि दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं.

ठकू रडली नाही. ती भावाला फक्त म्हणाली, "आमाला वाटलं मुकादम हाय. तुझी गाडी अशी नाय वाजत रे."

बुधू खाली बसला. मग त्यानं तानीच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती दचकून आईला बिलगली. कोणाचा हात हे तिला कळलं नव्हतं.

त्याच दिवशी मुरबाडला परतल्यावर त्यानं कार्बोरेटर उतरवला. नवी सुई काढली, नवा जेट काढला, आणि डब्यातून शोधून जुने बसवले. क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत घातली, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त पेट्रोल. गाडीला लाथ मारली. फट फट खॅक. काळ्या धुराचा लोट पडवीभर पसरला.

"अरे, काय करतोस?" मी ओरडलो.

"तिला ऐकू याया पायजे," तो म्हणाला. नवी सुई आणि जेट त्यानं त्याच कागदाच्या पुडीत बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमची वस्तू." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आंधळं पोर घेऊन भट्टीवर जाता येत नाही. म्हणून पुढच्या वर्षापासून सगळी वाडी निघून गेली की ठकू आणि तानी तेवढ्या मागं राहायच्या. सहा महिने तीस झोपड्यांत दोन माणसं. अशा वाडीत कावळासुद्धा थांबत नाही. दर बुधवारी बुधू सुकट, मीठ आणि गोळ्या घेऊन जायचा. मी कधी मागं असायचो, कधी नसायचो. गाडी दोन टेकड्या अलीकडे असतानाच तानी उठून भिंतीच्या आधारानं दाराजवळच्या उंबराच्या झाडापर्यंत यायची आणि हात पुढं करून उभी राहायची. तो इंजिन चालूच ठेवायचा. ती आधी टाकीवर तळवा टेकवायची, खोकल्याची धडधड हाताला लागली की मगच म्हणायची, "मामा." त्याआधी म्हणायची नाही.

मुरबाडात लोक हसायचे ते याच वर्षांत. दुसऱ्याची कुठलीही गाडी बुधू अर्ध्या तासात ठीक करून द्यायचा आणि स्वतः खोकत निघून जायचा. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. आपल्या हातातली कला रोज सगळ्यांसमोर खोटी पाडून घेणं हे काय असतं, ते कारागिरालाच कळेल. मला थोडंसं कळायचं, आणि मी गप्प बसायचो.

अडुसष्टच्या पावसाळ्यात बुधू तीन दिवसांच्या तापानं गेला. गिरणीच्या मागं, एकटा. मी फिरतीवर होतो. आलो तेव्हा पडवी धुऊन झाली होती. ठकूला मीच जाऊन सांगितलं. तानी शेजारीच बसली होती, तिनंही ऐकलं.

गाडी गिरणीवाल्यानं शेणव्याच्या रघू दूधवाल्याला दिली. रघूला गाडीतलं काही कळत नसे. आहे तशी खोकत खोकत तो ती रोज सकाळी वाड्यांवरून दुधाच्या किटल्या आणायला फिरवायचा. वाट बोरीच्या वाडीखालूनच.

एकोणसत्तर सालच्या माघात मी त्या बाजूला टोचायला गेलो, आता पुन्हा पायी. वाडी उठून गेलेली. ठकूच्या अंगणात पाणी प्यायला टेकलो. तानी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात खालून आवाज आला. फट फट खॅक. तानी उठली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. भिंतीला हात लावत ती उंबरापर्यंत गेली आणि हात पुढं करून उभी राहिली. आवाज वळणावर आला, खालून गेला, लांब गेला, संपला. ती तशीच उभी होती. मग हात खाली घेऊन परत आली आणि शेंगा चाचपडत गोळा करायला लागली.

"रोज?" मी ठकूला हळूच विचारलं.

"रोज. मामा नाय हे तिला कळतंय. पण आवाज आला की उठतेच. सांगून थकले, भाऊ." मग ती म्हणाली, "त्या गाडीचं काय तरी करा."

पुडी माझ्याकडे होती. फिरकीच्या डबीतच ठेवली होती, तीन वर्षं. त्याच दुपारी मी शेणव्याला रघूच्या घरी गेलो आणि म्हणालो, गाडी बघू. रघू हसला. "तुमी देवीवाले. तुमाला काय कळतंय?" मी त्याच्यावर असा भडकलो की त्यानं गुपचूप पाना आणून दिला.

गोणपाट अंथरलं. कार्बोरेटर उतरवला. काय कुठं जातं ते आठवत होतं. जुनी सुई काढली. ती इतकी झिजली होती की बोटाला जाणवायची. नवी बसवली, जेटही नवा, क्लिप वरून दुसऱ्या खाचेत. गाडी सुरू केली आणि हवेचा स्क्रू धरून उकिडवा बसलो. डोळे मिटले. पाव वेढा. आणखी पाव. आवाज चढत गेला, एका जागी मोकळा झाला. पुढं पडायला लागला तसा मी पाव मागं घेतला. त्या जागी थांबलो आणि मला रडू आलं. बुधूचं या जगात जे काही ऐकू येत होतं ते मी माझ्या हातानं बंद केलं होतं. रघू गोंधळून बघत राहिला, मग म्हणाला, झकास झाली की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ठकूच्या ओसरीवर जाऊन बसलो. तानी वाल सोलत होती. खालून गाडी आली. स्वच्छ, एकसारखी, पाडव्याच्या दिवशी होती तशी. तानीचे हात थांबले. तिनं मान जराशी कलती केली, बुधू करायचा तशीच, आणि ऐकलं. गाडी वळणावरून पुढं गेली.

"कोण गेलं गो?" ठकूनं आतून विचारलं.

"कोनतरी," तानी म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.